पोरीने काय शोधून काढले, हेही विचारा

पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलीच्या आई-वडिलांना आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, नोकरीचे काय ठरले? दुसरा, निकाहचे काय ठरले? आमची थोरली लेक अकोल्यात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. लग्नसमारंभात, ईदच्या दिवशी, दुकानाच्या काउंटरवर हे दोन्ही प्रश्न आम्ही दोघांनी इतक्या वेळा ऐकले आहेत की उत्तरे पाठ झाली आहेत. विचारणारे आपुलकीने विचारतात, त्यांचा राग नाही. पण तिसरा एक प्रश्न आहे, तो कोणी विचारत नाही. इतकी वर्षे शिकून पोरीने स्वतः काय शोधून काढले?

हा प्रश्न ऐकून पुष्कळांना हसू येईल. शोधणे हे शास्त्रज्ञांचे काम, पीएच.डी. वाल्यांचे काम, बी.एस्सी.ची पोर काय शोधणार? तिने नोट्स वाचाव्यात, परीक्षा द्यावी, पास व्हावे. पण गेली दोन वर्षे आमच्या घरात जे चालले आहे, ते पाहून हा लेख लिहावासा वाटला. आम्ही दोघे मिळून तो लिहीत आहोत. हात एकीचा आहे, आठवणी दोघांच्या आहेत.

आधी थोडी माहिती, कारण ती आपल्या अनेक घरांपर्यंत पोहोचलेली नाही. महाराष्ट्रात 2006 पासून राज्यपालांच्या, म्हणजेच विद्यापीठांच्या कुलपतींच्या पुढाकाराने ‘आविष्कार’ नावाचे आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन भरते. त्यात पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढचे विद्यार्थी आपापल्या गटात भाग घेतात. विषयांचे सहा विभाग असतात : मानव्यविद्या, भाषा व ललित कला, वाणिज्य, व्यवस्थापन व विधी, मूलभूत विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, वैद्यक व औषधनिर्माण. म्हणजे बी.ए.चा मुलगा आपल्या मोहल्ल्यातील लग्नखर्चावर काम करू शकतो आणि बी.कॉम.ची मुलगी बचत गटांच्या हिशेबावर. आधी महाविद्यालयात निवड होते, मग जिल्ह्यात, मग विद्यापीठात आणि शेवटी राज्यात.

आमच्या पाच जिल्ह्यांचे, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीमचे विद्यापीठ अमरावतीला आहे. 1 मे 1983 रोजी ते नागपूर विद्यापीठापासून वेगळे झाले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. हे नाव किती योग्य आहे, ते आम्हाला पोरीच्या कामावरून कळले. त्याविषयी पुढे लिहितो.

लेकीचे आजोळ दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत शेकडो गावे अशी आहेत, जिथे वर काळीभोर जमीन आणि खाली खारे पाणी. हे पाणी पिकाला दिले तर जमीन बिघडते, म्हणून विहीर असूनही शेती पावसावर. पिण्याच्या पाण्यासाठी दूरच्या धरणांवरून ‘84 खेडी’सारख्या प्रादेशिक योजना केलेल्या आहेत. नळ आला तर ठीक, नाही आला तर बोअर, नाही तर वीस लिटरचा विकतचा जार. आमचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. या पट्ट्यातून दुरुस्तीला येणारे पंप आणि पाइप पाहिले की पाणी लोखंडाला कसे खाते, ते सांगावे लागत नाही. तेच पाणी माणसे पितात.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत पोर आजोळी गेली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडून पेनाएवढे टीडीएस मीटर घेऊन गेली. पाण्यात बुडवले की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारे ते छोटे यंत्र. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हा आकडा लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावा. तिने नानीच्या गल्लीतल्या दोन बोअरचे पाणी मोजले. आकडा जवळपास सारखाच आला. तिने तो शेजारच्या काकूंना सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “मीटर काहीबी सांगो बापा, डाय तं त्या तिकडच्या बोअरच्या पाण्यातच शिजते. इकडच्या पाण्यात दुपार होते, तरी दाणा तसाच.”

इथून सारे सुरू झाले. दुसरी एखादी पोर ‘बरं काकू’ म्हणून निघून आली असती, किंवा काकूंना विज्ञान शिकवू लागली असती. हिने काकूंचे म्हणणे वहीत लिहून घेतले आणि खाली प्रश्न लिहिला : आकडा सारखा, तर डाळ वेगळी का?

दुसऱ्या वर्षी तिच्या सरांनी हाच प्रश्न आविष्कारसाठी घ्यायला सांगितले. चौघांचा गट झाला. आमची लेक, तिची एक मैत्रीण, माळ्याच्या घरचा एक मुलगा आणि एक बौद्ध मुलगी. गावातल्या अकरा ठिकाणचे पाणी बाटल्यांत भरून आणायचे ठरले. कोणती बाटली, कोणता बोअर, कोणती तारीख, किती वाजता, पंप किती वेळ चालवून मग पाणी घेतले, तेव्हा सोबत कोण होते, हे सगळे रजिस्टरमध्ये. एका बाटलीवरची चिठ्ठी पाण्याने पुसली गेली, तर ती बाटली फेकून तिघे जण पुन्हा एसटीने गेले. एका बाटलीसाठी एवढे भाडे कशाला, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “अम्मी, जिचे नाव-गाव माहीत नाही ती बाटली काहीही सांगेल.”

हे वाक्य ऐकून तिच्या दादींनी मान डोलावली. त्यांचे शिक्षण मदरशातले, पण त्यांना हे लगेच समजले. हदीस गोळा करणाऱ्या आलिमांनी नेमके हेच केले होते. अमुक गोष्ट पैगंबर (स.) यांनी सांगितली असे कोणी म्हटले, की ते विचारत : तुला कोणी सांगितले? त्याने कोणाकडून ऐकले? तो माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, दोघांची भेट होणे शक्य तरी होते का? या साखळीला सनद म्हणतात. एक कडी कच्ची निघाली की हदीस कमकुवत ठरे, मग ती ऐकायला कितीही गोड असो. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्येही आलेल्या बातमीची खातरजमा करून मगच पाऊल उचलण्याची ताकीद आहे. आपल्या मासिकांतून इब्ने हैसम आणि अल-बिरूनी यांची नावे नेहमी येतात, आणि ती वाचून आपली छाती फुगते. पण ती नावे भिंतीवर टांगण्यासाठी नाहीत. त्यांनी पाहिल्यावाचून, मोजल्यावाचून मानले नाही, म्हणून ते मोठे झाले. आज मोबाइलवर आलेला कोणताही निरोप न पडताळता पुढे ढकलणाऱ्या आपल्या समाजात एखादी पोर पुसलेल्या चिठ्ठीची बाटली फेकून देते, तेव्हा ती त्याच वाटेने चालत असते.

मग प्रयोगशाळा. मीटर फक्त क्षार किती ते सांगते, कोणते ते सांगत नाही. मिठासारखे सोडियमचे क्षारही त्यात, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचेही. पाणी जड होते ते कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, आणि डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवतात तेही हेच. पाण्याचा जडपणा मोजायची रीत बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातच आहे. थेंब थेंब द्रावण सोडायचे आणि लालसर रंग निळा झाला की थांबायचे. क्लोराइड मोजायला सिल्व्हर नायट्रेट लागते. ते महाग, म्हणून मोजून वापरायचे. प्रत्येक बाटली तीनदा तपासायची, कारण एकदा आलेला आकडा योगायोगही असू शकतो. काकूंच्या दोन बोअरचे उत्तर असे निघाले : एकूण क्षार जवळपास सारखे, पण ज्या पाण्यात डाळ शिजत नव्हती, त्यात जडपणा कितीतरी जास्त. काकू बरोबर होत्या. मीटरही बरोबर होते. दोघे वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते.

या कामात आमचाही हात लागला, आणि तो कुठे लागला ते सांगण्यासारखे आहे. आम्ही दोघेही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. पोरीच्या पुस्तकातले आम्हाला काही कळत नाही. पण एका संध्याकाळी ती दुकानात बसली होती. समोर एक मोटार जळून आली होती आणि आमचा शिकाऊ मुलगा कपॅसिटर, वायर, बेअरिंग सगळे एकदम बदलायला निघाला. त्याला थांबवून सांगितले, “एका वेळी एकच बदल, मग चालवून बघ. सगळे एकदम बदललेस तर चालेल, पण बिघाड कशात होता ते तुला कधीच कळणार नाही.” पोर ते ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या गटाला सांगितले की डाळ एकाच पिशवीतली, भांडे तेच, गॅस तेवढाच, भिजवायचा वेळ तोच. बदलायचे ते फक्त पाणी.

तेव्हापासून संशोधन हा शब्द आमच्या घरात परका राहिला नाही. आपल्या समाजात किती कारागीर आहेत! गॅरेजवाले, शिलाईवाले, रंगारी, आचारी. बिघाड शोधणे, कारण ओळखणे, पुन्हा करून बघणे हे त्यांचे रोजचे काम. आपले मुलगे बारावीनंतर मोठ्या संख्येने या कामांत जातात, आणि कष्टाच्या कामात कमीपणा नाही. पण ज्या मुलाला मोटारीचा आवाज ऐकून बिघाड सांगता येतो, त्याला प्रयोगशाळेत काही जमणार नाही असे आपण कोणत्या आधारावर ठरवतो?

आता अमरावतीचा दिवस. जिल्ह्यातून निवड झाली आणि विद्यापीठाच्या फेरीला जायचे ठरले. अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा करत जाणारा हा महामार्ग. 2022 च्या जूनमध्ये याच रस्त्यावर 75 किलोमीटरचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला होता. रस्ता पाच दिवसांत तयार होतो, पण त्या रस्त्याने पोरीला मुक्कामी पाठवायला घरे तयार होईपर्यंत महिने जातात. फुफीचा फोन आला, मामूंचा आला. कोण सोबत आहे, रात्री कुठे राहणार, मुले किती, मुली किती. प्रश्न रास्त होते. आम्ही महाविद्यालयात जाऊन सोबत जाणाऱ्या मॅडमना भेटलो, मुक्कामाची सोय विचारली, फोन नंबर घेतले आणि तेच फुफींना सांगितले. शंका घेणाऱ्याशी भांडण्यापेक्षा माहिती दिली की निम्मे काम होते, हा आमचा अनुभव.

पोस्टरपुढे ती हिजाबमध्ये उभी राहिली आणि तिने मराठीत मांडणी केली. दहावीपर्यंत ती उर्दू माध्यमात शिकलेली. अकरावीत इंग्रजी पुस्तके आणि आजूबाजूला मराठी, तेव्हा पहिले सहा महिने ती वर्गात तोंड उघडत नव्हती. आपल्या अनेक मुली इथेच मागे पडतात. हुशारी असते, पण भाषेच्या उंबऱ्यावर अडखळतात आणि लोक समजतात की त्यांना विषयच येत नाही. खारपाणपट्ट्यातल्या बायकांशी बोलून बोलून तिचे मराठी सुटले. पोस्टरपुढेही तिने काकूंचे वाक्य काकूंच्याच वऱ्हाडीत सांगितले, आणि ते ऐकून परीक्षक हसले, असे मॅडमनी आम्हाला सांगितले.

मग त्यांनी विचारले, “ज्यात क्षारच नाहीत अशा पाण्यात, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये, डाळ शिजवून पाहिली का?”

ती म्हणाली, “नाही सर.”

एवढेच. थाप मारली नाही, गोल गोल बोलली नाही. पुढच्या फेरीसाठी तिची निवड झाली नाही. रात्री फोनवर आवाज पडलेला होता. पण घरी आल्यावर तिचे पहिले वाक्य होते, “अब्बा, बॅटरीत घालायचे पाणी दुकानात आहे ना?” ते आमच्याकडे कॅनने असते. दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात एका शेगडीवर काकूंच्या बोअरचे पाणी आणि दुसरीवर बॅटरीचे पाणी, दोन्हींत तीच तूरडाळ. अर्थात खाण्यासाठी नव्हे, नुसती पाहण्यासाठी. बॅटरीच्या पाण्यातली डाळ आधी विरघळली. ढाल घेऊन आली असती तर आम्हाला आनंदच झाला असता. पण स्पर्धा संपल्यावर, कोणी गुण देणार नसताना तिने ते भांडे शेगडीवर ठेवले, तेव्हा आम्हाला वाटले की हिच्यात काहीतरी खरोखर रुजले आहे.

इथपर्यंत झाले संशोधन. नेतृत्वाचे काय? आपल्याकडे नेतृत्व म्हटले की फलक, हार, भाषण आणि फोटो डोळ्यांपुढे येतात. विद्यापीठांतून मुलांसाठी नेतृत्व शिबिरे होतात, विद्यार्थी परिषदा असतात, त्यांचाही उपयोग आहे. पण पोरीला जे काही मिळाले ते राष्ट्रीय सेवा योजनेतून मिळाले. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी देशातील 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचे एक गाव-शिबिर, असा तिचा साधा हिशेब.

पाण्याच्या बाटल्या भरायला हा गट पहिल्यांदा गावात गेला, तेव्हा बायकांनी दारे लावून घेतली होती. पाणी शुद्ध करायचे मशीन विकायला आले, असे त्यांना वाटले. त्याच गावात शिबिर झाले, तेव्हा मुलांनी पहिले दोन दिवस हातपंपाभोवतीचा चिखल उपसला, नाली मोकळी केली, ओटा घासला. तिसऱ्या दिवशी बायका स्वतःच बोलायला आल्या. गाडगेबाबांची रीत हीच होती. 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी झाडू हातात घ्यायचा, दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. कीर्तनातही सांगणे कमी आणि विचारणे जास्त. लोकांनाच प्रश्न करायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. झाडू आणि प्रश्न. ज्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, तिथल्या विद्यार्थ्याला संशोधन आणि नेतृत्वाचा याहून सोपा धडा कोण देणार?

शिबिरात आणखी एक गोष्ट घडली. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावागावांत पाणी तपासण्याची पेटी द्यायची आणि प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ती वापरायला शिकवायचे, अशी तरतूद आहे. या गावातली पेटी कपाटात होती, सील तसेच. पोरीने तक्रार केली नाही, व्हिडिओ काढला नाही. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी पाच बायका शोधल्या. काकू पहिल्या, आणि नानीच्या शेजारच्या दोन मुस्लिम सुना, ज्या ग्रामसभेला कधी गेल्या नव्हत्या. सगळ्या मिळून पेटी मागायला गेल्या. पेटी मिळाली. आतल्या काही रसायनांची मुदत संपली होती, ती बदलून मागण्याचा अर्ज त्याच बायकांनी लिहिला. सह्या मराठीत झाल्या, एक उर्दूत झाली. आता त्या गल्लीत कोणत्या बोअरचे पाणी स्वयंपाकाला आणि कोणत्याचे धुण्याला, हे बायकांनी आपसात ठरवले आहे. खारपाणपट्ट्याचा प्रश्न यातून सुटलेला नाही. तो चार मुलांच्या आवाक्यातला नाहीच. पण पाच बायका आता नुसत्या ऐकत नाहीत, मोजतात.

वऱ्हाडाला हे नवीन नाही. पापळसारख्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरचे पंजाबराव देशमुख परदेशात गेले, वैदिक साहित्यातील धर्म या विषयावर संशोधन करून डॉक्टर झाले आणि परत अमरावतीला आले. त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि 1952 ते 1962 देशाचे कृषिमंत्री राहिले. 1969 साली स्थापन झालेले अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचे आहे. विद्वत्ता त्यांनी स्वतःपुरती ठेवली असती तर त्यांना कमी मान मिळाला नसता. पण आज आमच्या मुलाबाळांना इथे शिकता येते, ते त्यांनी ती गावाकडे परत आणली म्हणून.

आता घरातल्या खऱ्या पेचाबद्दल. या वर्षी बाळापूरच्या एका चांगल्या घरातून लेकीसाठी निरोप आला. मुलगा कमावता, माणसे सज्जन. त्यांचे म्हणणे, तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की निकाह करू. इकडे पोरीला चौथे वर्ष करायचे आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी तीन वर्षांचीही घेता येते आणि चार वर्षांचीही. आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि इतरत्र 2024-25 पासून ही रचना लागू झाली. तीन वर्षांना किमान 120 श्रेयांक, चारला 160. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. त्यात 12 श्रेयांकांचा स्वतःचा संशोधन प्रकल्प असतो, आणि चांगल्या गुणांनी ते पार पडले तर पुढे थेट पीएच.डी.साठीही पात्र होता येते.

घरात बैठक बसली. फुफी म्हणाल्या, अजून एक वर्ष? पोरीने कागदावर हिशेब मांडला. तीन वर्षांची पदवी, मग दोन वर्षे एम.एस्सी., झाली पाच. चार वर्षांची पदवी, मग एक वर्ष एम.एस्सी., तीही पाचच. दादींनी चष्मा लावून कागद पाहिला आणि विचारले, “आणि मध्येच थांबावे लागले तर?” पोर म्हणाली, “तर तीन वर्षांची पदवी हातात राहतेच, दादी.” दादी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मुलाकडच्यांना हा कागद दाखवा. ज्यांना कागद वाचायला वेळ नाही, त्यांना पोर समजून घ्यायला कुठून वेळ मिळणार?”

आम्ही तो कागद घेऊन बाळापूरला गेलो. निकाहला आमचा नकार नाही, फक्त एक वर्ष द्या, किंवा निकाहनंतर शिक्षण चालू राहील हे आधी ठरवून घेऊ, असे सांगितले. निकाहच्या वेळी अटी ठरवून घेण्याची मुभा आपल्या शरीअतने दिलेली आहे. आपणच ती वापरत नाही. मुलाचे वडील म्हणाले, घरात बोलून कळवतो. हा लेख लिहीपर्यंत त्यांचा निरोप आलेला नाही.

ज्यांच्या घरात मुले-मुली बारावीनंतर पदवीला जाणार आहेत, त्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. प्रवेश घेताना फी आणि बसभाड्याबरोबर हेही विचारा की इथे चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची सोय आहे का, कारण त्यासाठी मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा लागते आणि प्रत्येक ठिकाणी ती असेलच असे नाही. आविष्कारला मागच्या वर्षी कोण गेले होते ते विचारा. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालायला मुलाला सांगा. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिने मोठ्या संस्थांत संशोधनाची संधी आणि विद्यावेतन देतात, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली, हे खरे आणि दुःखाचे. पण आपल्यातील अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात, आणि त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या महाज्योती संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेत काढून ठेवा. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून ते मिळत नाही.

आणि घरात मुलांना बोलू द्या. रात्री जेवताना त्यांना विचारा, आज वर्गात तुला कोणता प्रश्न पडला? उत्तर आपल्याला कळले नाही तरी चालेल. आम्हाला अजूनही त्या लालसर-निळ्या रंगाचे रसायन कळलेले नाही. पण पोर सांगत असते आणि आम्ही ऐकत असतो, आणि धाकटा मुलगा मध्येच विचारतो, मग आपल्या नळाचे पाणी कसे आहे? एक प्रश्न घरात आला की तो एकटा राहत नाही.

चौथ्या वर्षाचा अर्ज निघाला की आम्ही तो भरणार आहोत. विषय तिने ठरवून ठेवला आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्याच अकरा ठिकाणांचे पाणी, वर्षभर, दर महिन्याला. नमुने गोळा करायला या वेळी काकू आणि त्या दोन सुना मदत करणार आहेत. बाळापूरहून निरोप येईल तेव्हा येईल. तो सर्वांच्या हिताचा असो, अशी आम्ही अल्लाहकडे दुआ करतो. आपणही करा. आणि पुढच्या वेळी एखाद्या शिकणाऱ्या मुलीचे आई-वडील भेटले, तर नोकरी आणि निकाहबरोबर तो तिसरा प्रश्नही जरूर विचारा.